गाणारी बाई कुकरपाशी कशी गेली

इदेतांना घाबरायला कारण लागत नसे. कारण मिळालं तर बरंच, नाही मिळालं तर ते घरच्या घरी तयार करत. डोकं दुखलं की मेंदू, पोट दुखलं की आतडं, आणि दोन्ही दुखत नसेल तर आत काहीतरी दबा धरून बसलंय, असा त्यांचा हिशेब. त्यांची बायको फुसाए म्हणायची, "लोकांच्या घरी मांजर असतं, आमच्याकडे ह्यांची भीती आहे. तिलाही वेळच्या वेळी खायला घालावं लागतं."

कुमामोतोचा मोठा भूकंप झाला तेव्हा मात्र इदेता घाबरले नाहीत. म्हणजे सवडच मिळाली नाही. घराचं छप्पर बसलं, दोघं अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली, शाळेच्या व्यायामशाळेत जमिनीवर झोपली, मग तात्पुरत्या घरांच्या रांगेत एक घर मिळालं. या सगळ्या धावपळीत घाबरायचं राहूनच गेलं. ती भीती कुठेतरी साठत होती, आणि वर्षभरानं, वसंतात, कलिंगडांचा हंगाम तोंडावर आला असताना, ती सगळीच्या सगळी त्यांच्या डाव्या कानात उतरली.

कान डावाच का, हे सांगायला हवं. उएकी गावाच्या सहकारी शेडमध्ये इदेता कलिंगडं वाजवत. बाजारात कलिंगडाला टिचकी मारून शहाण्यासारखी मान कोणीही हलवतो, पण इदेतांनी मान हलवली की त्या कलिंगडाचं नशीब ठरे. शेडमध्ये सरकत्या पट्ट्यावरून कलिंगडं येत. इदेता कमरेत वाकून डावा कान खाली नेत आणि उजव्या तळव्याची एक थाप मारत. आत पोकळी धरली असेल, गर जास्त पिकून सुटला असेल, तर ते कान सांगे. चांगलं कलिंगड टोक्योच्या दुकानात मखमलीवर जाऊन बसे, पोकळ निघालेलं कोणाच्या तरी रसाच्या गाळणीत. वर्षभर घाम गाळलेला शेतकरी पट्ट्यापलीकडे उभा राहून इदेतांच्या कानाकडे बघत असे. मुलीचा निकाल बघायला आलेल्या बापासारखा.

त्या कानानं, एका रविवारी, गाणारी बाई जागेवरून हलल्याचं सांगितलं.

इदेतांना रेकॉर्डी ऐकायचा नाद होता. नाद म्हणजे साधा नव्हे. दोन उंच स्पीकर, त्यांच्या बरोबर समोर एक खुर्ची, आणि त्या खुर्चीत बसून डोळे मिटले की गाणारी बाई दोन स्पीकरांच्या मधोमध उभी दिसायला हवी. दिसली नाही तर तारा बदलायच्या, स्पीकर बोटभर सरकवायचे, खुर्ची सरकवायची, आणि शेवटी फुसाएला सरकवायचं, कारण तिच्या कपड्यांत आवाज शोषला जातो. या नादात गावातले पाच-सहा म्हातारे होते आणि त्यांचे मेरुमणी होते कुवाहारा, आदरानं म्हणायचं तर कुवाहारासान, इदेतांना शाळेत चार वर्षं पुढे असलेले. शाळेत पुढे असलेला माणूस त्या गावात मरेपर्यंत पुढेच राहतो. कुवाहारांचं एक वचन सगळ्यांना पाठ होतं: यंत्राला नावं ठेवण्याआधी आपला कान तपासा.

भूकंपात इदेतांचे स्पीकर वाचले, अँप्लिफायर वाचला, पण प्रीअँप कौलांखाली गेला. हा डबा काय करतो ते एकदा सांगून टाकतो. रेकॉर्डवरची सुई म्हणजे तोंडातल्या तोंडात बोलणारी नवी सून. तिचं म्हणणं प्रीअँप नावाची थोरली जाऊ जरा वाढवून पुढे सांगते, आणि मग अँप्लिफायर नावाचा सासरा ते साऱ्या गल्लीला ऐकवतो. जाऊ किती पट वाढवून सांगते, त्याला या मंडळींच्या भाषेत गेन म्हणतात. इदेतांची जुनी जाऊ मोजकं बोलणारी होती. ती गेल्यावर कुवाहारा स्वतः गाडी चालवत आले आणि आपल्या घरचा प्रीअँप, जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हवाला, रेशमी कापडात बांधलेला, इदेतांच्या हातात ठेवून गेले. म्हणाले, राहू दे तुझ्याकडे, मला आता लागत नाही. इदेतांचे डोळे भरून आले. असला डबा माणूस बायकोच्या हाती देत नाही. नवी जाऊ मात्र फारच वाढवून सांगणारी होती. आवाजाचं बटण जरा हलवलं तरी भिंत थरथरायची.

आणि भिंतीपलीकडे उशिजिमाबाई राहत होत्या. तात्पुरत्या घराची भिंत म्हणजे दोन पत्रे आणि मधे आशा. बाईंचं बटण दाबलेलं इकडे ऐकू येई, यांची जांभई तिकडे. रांगेतल्या सगळ्या घरांना आवाजाबद्दल नुकतीच गोड शब्दांत समज मिळाली होती, आणि गोड शब्दांत मिळालेली समज इदेता आयुष्यभर विसरत नसत. त्यामुळे ते बटण अगदी तळाशी, बंद आणि चालू यांच्या मधल्या केसभर जागेत ठेवून ऐकत. बोटानं नव्हे, श्वासानं फिरवल्यासारखं.

तर त्या रविवारी त्यांनी डोळे मिटले, आणि बाई मधे नव्हती. ती उजवीकडे गेली होती. चांगली दूर, जिथे फुसाएचा भाताचा कुकर ठेवलेला असे, त्याच्या शेजारी उभी राहून गात होती. डावीकडून जवळजवळ काही येत नव्हतं. इदेतांनी डोळे उघडले, कान खाजवला, परत मिटले. बाई कुकरपाशीच. त्यांनी रेकॉर्ड बदलली. बाईच्या जागी एक बुवा आला, तोही कुकरपाशी गेला.

कुवाहारांचं वचन आठवलं. यंत्र तर कुवाहारांचंच, म्हणजे त्याला नावं ठेवायचा प्रश्नच नाही. राहिला कान.

मग त्यांना दुसरी गोष्ट जाणवली. रेकॉर्ड थांबल्यावरही कानात बारीक सूं सूं चालू होतं. खुर्चीत बसलं की व्हायचं, उठून बाहेर गेलं की थांबायचं. इदेतांनी ठरवलं की बसल्यावर रक्त कानाकडे चढतं. यावर त्यांना रात्री झोप लागली नाही, आणि झोप न लागल्यामुळे कान जातो असंही कुठेतरी वाचल्याचं आठवलं.

दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालताना त्यांनी उशिजिमाबाईंना, दुसऱ्याच कोणाची तरी गोष्ट असल्यासारखं, कानाबद्दल विचारलं. ही त्यांची चूक झाली. बाईंच्या ओळखीत प्रत्येक रोगाचा एक माणूस होता. त्यांच्या भाच्याचा कान असाच गेला. दुखणं नाही, खुपणं नाही. आधी सूं सूं करतो, म्हणाल्या, आणि मग एक दिवस सकाळी फोन कानाला लावावा तर नुसती भिंत. वेळेत गेला असता तर वाचला असता, पण पुरुषमाणूस, डॉक्टरकडे जायला घाबरला.

इदेतांनी तिथल्या तिथे मान डोलावली, ओला मोजा स्वतःच्या खिशात घातला आणि घरात आले.

डॉक्टरकडे जायला तेही घाबरले. भाच्यासारखे मूर्खपणानं नव्हे, विचार करून. कानाच्या दवाखान्यातली नर्स शेडच्या हिशेबनिसाची मेहुणी होती. आज कान दाखवला की उद्या शेडमध्ये कळणार, परवा शेतकऱ्यांत. वाजवणाऱ्याच्या कानाबद्दल एकदा शंका आली की संपलं. मग तो बरोबर बोलला तरी लोकांना चुकल्यासारखं वाटतं. आणि शेडमधून घरी बसले तर करणार काय? या वयात, या पत्र्याच्या घरात, कुकरपाशी उभ्या असलेल्या बाईकडे बघत?

म्हणून त्यांनी भित्र्या माणसाचा सर्वांत धाडसी निर्णय घेतला: कोणाला सांगायचं नाही, आणि उजव्या कानानं काम करायचं.

हंगामाचा पहिला माल आला. शेडचा प्रमुख काकीनो, इदेतांपेक्षा पुष्कळ लहान, फार अदबीनं वागणारा, स्वतः दाराशी उभा होता. इदेता पट्ट्यापाशी उभे राहिले ते उलटे, उजवा कान खाली जाईल असे, आणि थाप डाव्या हातानं. सगळं शेड बघत राहिलं. एखाद्या जुन्या सुतारानं पायानं रंधा धरावा तसं ते दिसत होतं. उजव्या कानाला आयुष्यात कोणी काही विचारलेलं नव्हतं. तो बिचारा गांगरला. पहिली काही कलिंगडं त्यानं कशीबशी सोडली. मग एका शेतकऱ्याचा माल आला आणि इदेतांना त्यात पोकळी ऐकू आली. एकात आली म्हणून पुढच्यात आली, त्यात आली म्हणून त्याच्या पुढच्यात. ते बाजूला काढत राहिले.  पट्ट्यापलीकडच्या शेतकऱ्यानं टोपी काढून हातात घेतली.

काकीनोनं त्यातलं एक उचललं, सुरी मागवली आणि मधोमध कापलं. सालीपर्यंत लाल, गच्च, कुठे सुईच्या टोकाएवढीही फट नाही. सगळ्यांनी एकेक फोड खाल्ली.  ते कलिंगड इतकं गोड होतं की इदेतांना रडू आलं.

काकीनोनं त्यांना बाजूला नेलं आणि खाली बघत म्हणाला की सोमवारपासून माल जोरात यायला लागेल, तोवर एकदा कान दाखवून आलात तर आमचा जीव शांत राहील. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "आमचा जीव" म्हणाला, ते ऐकून इदेता सरळ घराकडे निघाले.

घरी आले तेव्हा फुसाए मुळा चिरत होती. त्यांनी बूट काढले, आत येऊन बसले, आणि सगळं सांगून टाकलं. बाई, कुकर, सूं सूं, भाचा, कलिंगड. सांगताना ते मधेच म्हणाले की आता मला घंटा वाजवून जेवायला बोलवावं लागेल. फुसाएनं हात पुसले. डॉक्टरकडे चला असं ती म्हणाली नाही, कारण तीस वर्षांत तिला एवढं कळलं होतं की घाबरलेल्या माणसाला ओढलं की तो बसकण मारतो.

"मला ऐकवा बघू," ती म्हणाली.

त्या खुर्चीत ती कधी बसली नव्हती. मनाई नव्हती, पण न्हाव्याच्या खुर्चीत गिऱ्हाइकाच्या बायकोनं बसू नये तसं काहीतरी होतं. इदेतांनी तीच रेकॉर्ड लावली, बटण त्या केसभर जागेत आणलं, आणि तिला डोळे मिटायला सांगितले.

"काय ऐकायचं असतं यात?"

"बाई कुठे उभी आहे, तेवढं सांग."

फुसाएनं मिटल्या डोळ्यांनीच मान उजवीकडे वळवली. मग म्हणाली, "ही कुकरपाशी काय करतेय?"

 इदेता भिंतीला धरून खाली बसले. "तुझाही गेला," ते म्हणाले.

"काय गेला?"

"कान. डावा." त्यांच्या डोळ्यांपुढे सगळं लख्ख उभं राहिलं. या घराच्या पत्र्यांना जो डिंक लावलाय त्याचा वास, बंद खिडक्या, वर्षभराचा श्वास. दोघं एकाच छपराखाली, दोघांचा एकच कान. उद्या सगळ्या रांगेचा जाईल. उशिजिमाबाईंना सांगायला हवं.

"अहो, माझा कान या खुर्चीत बसेपर्यंत शाबूत होता. सकाळी पलीकडे उशिजिमाबाई आलं किसत होत्या, तेही ऐकलं मी. बसल्या बसल्या कसा जाईल?"

"अचानकच जातो. तेच तर सांगतोय."

फुसाए उठली, खुर्ची उचलून उलटी ठेवली आणि स्पीकरांकडे पाठ करून बसली. "आता माझा डावा कान कुकरकडे आहे. होय ना? आणि बाई अजून कुकरपाशीच आहे. कानानं तिला नेलं असतं, तर मी फिरल्यावर ती पण फिरली असती की हो."

इदेता बघत राहिले. इतक्या दिवसांत खुर्ची उलटी करायचं त्यांच्या मनात आलं नव्हतं. खरं म्हणजे आलं होतं. पण उलटं बसूनही कानच गेलेला निघाला तर, या भीतीनं त्यांनी ते विचारांतूनच बाद केलं होतं.

फुसाएनं सुई उचलली. गाणं थांबलं. "आणि हे एक सूं सूं."

"तुला पण येतं ऐकू?"

"आख्ख्या घराला येतं. मला वाटलं, तुम्हाला आवडतं." तिनं वाकून एकेका स्पीकरला कान लावला. "दोन्हीकडून सारखंच येतंय. म्हणजे दोन्ही नाकपुड्या मोकळ्या आहेत, गाणंच एकीकडून कमी सुटतंय. डबा बिघडलाय तुमचा."

"माझा नाही. कुवाहारासाननी दिलेला आहे."

"मग?"

"त्यांचा कसा बिघडेल?"

फुसाएनं बटणाला हात घातला आणि ते जरा वर नेलं. काटा त्या केसभर जागेतून बाहेर आला मात्र, बाई कुकरपासून निघाली, पावलापावलानं चालत आली आणि दोन स्पीकरांच्या बरोबर मधे येऊन उभी राहिली. डावीकडे पियानो होता, तोही आला.  कान होता. कान जागेवर होता. त्या आनंदात बटण खाली आणायचं राहून गेलं, आणि भिंतीवर टक टक झाली.

इदेता ताबडतोब सकाळचे रताळ्याचे दांगो, म्हणजे उकडलेले गोड उंडे, ताटलीत घेऊन उशिजिमाबाईंच्या दाराशी गेले आणि कमरेतून वाकले. बाई रागावल्या नव्हत्या, पण मोकळेपणानं बोलल्या. "गाणं चांगलं आहे हो. फक्त ती माझ्या घरात बसून गातेय. माझ्याकडे तिला बसायला जागा नाही." दांगो मात्र त्यांनी ठेवून घेतले.

परत येताना इदेतांना सगळं उमगलं. त्या बटणाच्या आत एकाच दांडीवर दोन नळ असतात, एक डाव्या बाजूचा, एक उजव्या. बऱ्यापैकी उघडले की दोन्हींची धार सारखी पडते. पण थेंब थेंब सोडायला गेलं की एक ठिबकतो आणि दुसरा कोरडा राहतो. कुठलेच दोन नळ इतके जुळे नसतात. जुनी जाऊ कमी वाढवून सांगायची, म्हणून बटण निम्म्यावर नेता यायचं आणि तरी भिंत शांत. ही नवी इतकं वाढवते की निम्म्यावर नेलं तर बाई उशिजिमांकडे जाते, आणि तळाशी ठेवलं तर कुकरपाशी. तिला स्वतःच्या घरात उभं राहायला जागाच नव्हती. आणि ते सूं सूं म्हणजे डब्याचाच श्वास, तोही वाढवून सांगितलेला.

दोष कानाचा नव्हता. इदेता पाच मिनिटं सुखात होते. मग त्यांच्या लक्षात आलं की आता हे कुवाहारांना सांगावं लागणार. दिलेल्या वस्तूत खोट काढायची. तीही भूकंपानंतर दिलेल्या. तीही शाळेत चार वर्षं पुढे असलेल्या माणसाची. ते फुसाएला म्हणाले की कान गेलेलाच बरा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्यांना कोट चढवला आणि बाहेर काढून दार लावून घेतलं.

कुवाहारांच्या घरात सगळे कुजबुजत बोलत. भूकंपात मुलीचं घर गेल्यापासून ती तान्ह्या बाळाला घेऊन तिथेच होती. पाळणा त्याच खोलीत होता जिथे पूर्वी सहा म्हातारे डोळे मिटून बसत. इदेतांनी आधी हवेबद्दल सांगितलं, मग कलिंगडांबद्दल, मग पुन्हा हवेबद्दल. चहा गार झाला. शेवटी ते चटईकडे बघत म्हणाले की प्रीअँप इतका थोर आहे की आमच्या घरात मावत नाही. अगदी हळू ऐकायला गेलं की, चूक माझ्याच घराची आहे, पण गाणारी बाई जरा सरकते.

कुवाहारांचा चेहरा पांढरा पडला. इदेतांनी डोकं आणखी खाली केलं.

"कुठल्या बाजूला?" कुवाहारांनी विचारलं.

"उजव्या."

"आणि सूं सूं?"

"येतं."

कुवाहारांनी कप खाली ठेवला, आणि तो ठेवताना वाजला, आणि पाळण्याकडे बघून दोघंही एकदम श्वास रोखून थांबले. मग कुवाहारा कुजबुजले, "माझ्याकडे ती चहाच्या कपाटापाशी जायची."

बाळ आल्यापासून त्यांनीही बटण तळाशी ठेवलं होतं. बाई कपाटापाशी गेली. अँप्लिफायरच्या पोटातला एकेक टाका ओळखणाऱ्या या माणसाला वाटलं की आपला डावा कान गेला. कोणाला सांगितलं नाही. रविवारी मित्रांच्या घरी बसून माना डोलावल्या, ऐकू येत असलेलं गाणंही आता केवळ आठवणीनं ऐकू येतंय असं समजून. आणि भूकंपानंतर इदेताचा डबा मेल्याचं कळलं, तेव्हा आपल्याला तर आता याचा उपयोग नाही म्हणून रेशमी कापडात बांधून देऊन टाकला.

"पण तुम्ही तर म्हणायचात," इदेता म्हणाले, "यंत्राला नावं ठेवण्याआधी..."

"म्हणायचो ना. तेच नडलं," कुवाहारा म्हणाले. "लेका, दुसऱ्याच्या घरी असतं तर मी दारातून बूट न काढता सांगितलं असतं, गेन जास्त आहे म्हणून. स्वतःच्या घरी भीतीनं बुद्धी चालत नाही."

ते तसेच उठले, कपाटातून पुठ्ठ्याची एक डबी काढली आणि इदेतांबरोबर निघाले. पत्र्याच्या घरात चटईवर बसून त्यांनी प्रीअँपचं झाकण काढलं, रुमालानं धरून दोन व्हॉल्व्ह उपटले आणि त्या जागी डबीतले दोन बसवले; दिसायला तेच, घडण तीच, पण स्वभाव मवाळ. सांगतील ते पूर्वीच्या मानानं अगदी थोडंच वाढवून सांगणारे. बटण निम्म्यापर्यंत वर गेलं. सूं सूं इतकं बारीक झालं की पलीकडे उशिजिमाबाई शिंकल्या ते स्वच्छ ऐकू आलं. आणि बाई, हळू आवाजात, आपल्या घरातल्या घरात, मधोमध उभी राहून गायली. दोघं म्हातारे खुर्चीच्या दोन बाजूंना चटईवर गुडघे टेकून बसले होते. खुर्चीत फुसाए बसली होती, कारण ती उठली नव्हती.

रेकॉर्ड संपल्यावर कुवाहारा म्हणाले, "डबा वाईट होता हे सिद्ध झालं. कान चांगला आहे, हे कुठे झालं?"

इदेतांना हे अगदी पटलं. असा विचार करणारा दुसरा माणूस त्यांना आयुष्यात प्रथमच भेटत होता. शिवाय काकीनोचा सोमवार होताच.

दवाखान्यात दोघं शेजारी शेजारी बसले. नर्सनं, म्हणजे हिशेबनिसाच्या मेहुणीनं, आधी कोण येतंय असं विचारलं, तेव्हा इदेता म्हणाले की कुवाहारासान शाळेत पुढे होते. कुवाहारा म्हणाले की धाकट्यांना आधी जाऊ द्यावं, ही त्यांच्या घरची रीत आहे. नर्सनं इदेतांना दंडाला धरून नेलं. छोट्या बंद खोलीत त्यांच्या कानांवर टोप्या चढवल्या आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. पहिला आवाज आला तेव्हा त्यांच्या छातीचे ठोके इतके वाजत होते की त्यांनी त्यांच्यावरही बटण दाबलं. डॉक्टरनं काचेतून हात केला आणि पुन्हा सुरुवात केली.

दोन्ही कान सारखेच निघाले. फार बारीक, उंच आवाज, पहाटेच्या रातकिड्यांचे वगैरे, दोन्हीकडून थोडे गेले होते, पण ते वयानं नेले होते आणि सगळ्यांचेच नेतं, असं डॉक्टर म्हणाला. भरदार, खालचे आवाज जसेच्या तसे. इदेतांनी विचारलं की कलिंगडाचा आवाज कुठला. डॉक्टरला हा प्रश्न पूर्वी कोणी विचारलेला नव्हता. त्यानं टेबलावर मूठ आपटून ऐकलं आणि खालचाच म्हणून सांगितलं.

मग कुवाहारा आत गेले. बराच वेळ लागला. बाहेर आले तेव्हा ते टोपी नीट करत होते, आणि ती आधीच नीट होती.

"डावा थोडा गेलाय," ते म्हणाले. "खरोखरच."

 आपल्याला सुटल्याचा आनंद झालाय याचीच इदेतांना भीती वाटली. दोघं पायऱ्या उतरून बस-थांब्यापर्यंत आले, बाकावर बसले. एक बस आली आणि गेली.

"थोडाच ना?" शेवटी इदेतांनी विचारलं.

"थोडाच." कुवाहारांनी हातानं हवेत माप घेतलं, दोन्ही तळवे समोर धरून, मग उजवा जरा लांब नेऊन. "खुर्ची हातभर डावीकडे घ्यायची. मग बाई मधे येते का बघू. रविवारी डबा घेऊन ये. बाळ जागं असेल तर त्यालाही बसवू."

सोमवारी माल खरंच जोरात आला. इदेता पट्ट्यापाशी नेहमीसारखे उभे राहिले, डावा कान खाली, उजवा तळवा वर. पलीकडे टोपी हातात घेऊन तोच शेतकरी होता, ज्याची कलिंगडं त्यांनी बाजूला काढली होती. इदेतांनी त्याच्याकडे बघून मान लववली, त्यानंही लववली. काकीनो दाराशी उभा होता, आणि आपण इथे नाहीच आहोत असं दाखवत होता.

पहिलं कलिंगड आलं. थाप पडली. काठोकाठ भरलेल्या पिंपासारखा आवाज आला. इदेतांनी ते पुढे सोडलं. दुसरं भरलेलं. तिसऱ्यात खोलवर कुठेतरी एक रिकामी खोली वाजली. त्यांनी शेतकऱ्याकडे न बघता ते बाजूला काढलं. काकीनोनं सुरी मागवली, कापलं, आत बोट जाईल एवढी पोकळी होती. शेतकऱ्यानं टोपी डोक्यावर घातली आणि पुढचं यायची वाट बघू लागला.

दोन कलिंगडांच्या मधे पट्टा थोडा रिकामा जातो. तेवढ्या वेळात इदेता घाबरून घेत. मग पुढचं येई आणि ते कान खाली नेत.